चष्मा घेऊ नकोस, दिवा लाव

अमळनेर, जि. जळगाव
१६ मे

प्रिय सुभ्या,

कसा शे रे भाऊ?

तुझं पत्र सखाराम महाराजांच्या यात्रेच्या गर्दीत आलं, म्हणून उत्तराला उशीर. आता बोरीच्या पात्रातले पाळणे उठले आणि मी पुन्हा वीस तारखेच्या जीएसटीच्या मागे लागलोय. रात्री काम करताना डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं, म्हणून निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतोय, असं तू लिहिलंस. थांब. ते पैसे मी आधीच घालवून बसलोय.

आमचं घर तुला माहीतच आहे. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, आणि आई नि पोरगी तिथेच झोपतात. ट्यूब लावली की आई नुसती कूस बदलते, बोलत काही नाही. त्यानेच जास्त अपराधी वाटतं. म्हणून मी दिवा मालवून बसायचो. मार्चअखेरीला तर डोळ्यांत मिरची गेल्यासारखं व्हायचं. मग तो चष्मा आणला. आठ दिवस ‘बरं वाटतंय’ असं मीच मला सांगितलं, नंतर तेही जमेना. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी चष्म्याकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं काय, तर अंधारात बसता का, आणि कूलर कुठे ठेवलाय! त्या चष्म्याने डोळ्यांचा शीण कमी होतो असं तपासण्यांमध्ये दिसलेलं नाही म्हणे.

आपण दहावीला चिमणीच्या उजेडात अभ्यास केला, तेव्हा डोळे जातील म्हणून सगळे ओरडायचे. कमी उजेडात वाचून डोळे शिणतात, कायमचे बिघडत नाहीत. आणि तेव्हा पुस्तकही मिणमिणतं होतं, खोलीही मिणमिणती होती. आता पुस्तकच दिवा झालंय, आणि आपण अंधारात बसून दिव्याकडे टक लावतो. अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होऊ बघते, कॉम्प्युटरचा पडदा तिला लहान करायला लावतो. त्यातून माझी नजर सारखी पडद्यावरून बिलांच्या गठ्ठ्यावर आणि परत. बाहुली मोठी असली की नंबरातली बारीकशी चूकही अक्षरं पुसट करते. आपल्याला चाळीशी लागलेली, तिथे तर विचारूच नको.

म्हणून मी काय केलं, मॉनिटरच्या मागे पाच वॅटचा एलईडी बल्ब लावला, तोंड भिंतीकडे. आईच्या बाजूने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा आडवा. भिंत उजळते, डोळ्यांवर काही येत नाही. आईला विचारलं, झोप लागते का? म्हणाली, देवघरातल्या समईइतकाच तर आहे.

पडद्याचा उजेड किती ठेवायचा, तर शेजारी कोरा कागद धर. पडदा कागदापेक्षा लखलखीत दिसला तर कमी कर, मळकट दिसला तर वाढव. अगदी तळाला मात्र नेऊ नकोस. काही पडदे मंद करताना आतून भरभर चालू-बंद होत राहतात; दिसत नाही, पण काहींचं डोकं धरतं. काळ्यावर पांढरी अक्षरंही करून पाहिली. मला सिलिंडरचा नंबर, म्हणजे डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नाही; अक्षरांना पिसारे फुटायला लागले. परत पांढऱ्यावर आलो आणि अक्षरं मोठी केली. तुला काळं सोसलं तर ठेव.

आता कूलर. इथे पारा पंचेचाळीसला टेकला की दारं-खिडक्या लावून त्याच्यासमोरच बसायचं, ही आपली खान्देशी रीत. पण पडद्याकडे बघताना माणूस पापण्या मिटवायचंच विसरतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटतात, कामात पाच-सातवर येतात. त्यात वारा थेट तोंडावर! मी कूलर पायांकडे वळवला. मॉनिटर हातभर लांब आणि नजरेच्या जरा खाली ठेवला. खाली बघितलं की डोळा कमी उघडा राहतो, कमी सुकतो. निम्मी चुरचूर तिथेच गेली, बल्ब त्यानंतरचा.

दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं, असंही डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या घरात वीस फूट सलग जागा कुठली? मी दार उघडून गल्लीच्या टोकाचा नगरपालिकेचा दिवा बघतो. भुसावळकडे जाणारी गाडी शिट्टी मारते, तेवढा वेळ पुरतो. समोरचं कुत्रं आता माझ्यावर भुंकत नाही.

एक गोष्ट मात्र थट्टेत घेऊ नकोस. तुझ्या अण्णांना काचबिंदू होता. तो घराण्यात उतरू शकतो आणि बहुतेकदा काही न दुखताच वाढतो, म्हणजे तुझ्या चुरचुरीशी त्याचा संबंध नसेलही. पण डोळ्याचा दाब तपासून घे, याच महिन्यात. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसली, नाहीतर डोळा लाल होऊन ठणकला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

वहिनींना नमस्कार सांग. दिवाळीला येशीलच, हौस फिटली नसेल तर माझा चष्मा घेऊन जा. कोरा करकरीत पडलाय, पोरगी भातुकलीत मास्तरीण होते तेव्हा घालते तेवढाच.

तुझा,
बाळ्या