बाळ्या, वाचल्याशिवाय शिव्या घालू नकोस

प्रिय बाळ्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. शिव्या घाल, पण नंतर. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

गेल्या आठवड्यात दादाच्या धाकट्याला फ्लूने आडवं केलं. घरात पाच जणांना एकच ताप. आम्ही चौघं दोन दिवसांत उठून बसलो, त्याला ऑक्सिजन लागला. बोटाच्या त्या चिमट्यावर लाल ८८ लुकलुकताना पाहिला नि २०२१ चा दादा डोळ्यांपुढे आला. तेव्हा कोविडचा विषाणू घरात आणला मी. चार शिंका देऊन मोकळा झालो. तो बारा दिवस पालथा पडून श्वास मोजत होता. आणि तू म्हणालास, "व्यायाम नाही, दुसरं काय!" रोज पोहणाऱ्या माणसाला! तिथेच आपलं फाटलं.

तर ऐक. तिसऱ्या गुणसूत्रावर काही लोकांत निअँडरथलकडून, म्हणजे त्या नामशेष झालेल्या मानवांकडून, आलेला एक तुकडा असतो. तो असला की कोविड बळावण्याचा धोका वाढतो, हे झेबर्ग आणि पेबो या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत तो असतो, युरोपात १६ टक्क्यांच्या आसपास. बाराव्या गुणसूत्रावरचा निअँडरथलचाच दुसरा तुकडा उलट थोडं संरक्षण देतो. पूर्वजांनी कर्जही ठेवलं, ठेवही! फ्लूची गोष्ट वेगळी. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून शेजारणींना सावध करतात. आयआरएफ७ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यामुळे ही हाळीच नीट न गेलेल्या एका लहान मुलाची नोंद २०१५ ची आहे. फ्लूने ते थेट अतिदक्षता विभागात गेलं. पण हे फार दुर्मीळ.

दादा विचारतो, "आपल्या रक्तातच आहे का रे?" डॉक्टर म्हणतात, तपासणी केली तरी काही सापडेलच असं नाही. आणि खरं सांगू? मी हे रात्ररात्र वाचतोय ते पोरासाठी नाही. जनुकाचं नाव सापडलं की घरात आणणारा मी सुटतो, म्हणून. पण आणल्याशिवाय जनुक काय करणार होतं?

वय, वजन यांचंही वजन पडतं, तेवढ्यापुरता तू बरोबर. दादाच्या बाबतीत चूकच, ते लिहून दे.

वहिनींची बदली झाली का? पोरीचा निकाल? नव्या घराबद्दल अभिनंदन, उशिरा का होईना.

धाकटा काल घरी आला. रात्री दादा त्याच्या छातीवर हात ठेवून बसतो. मी दारापर्यंत जातो नि परत फिरतो.

येऊन जा एकदा.

तुझा,
अण्णू