ललिता पवारचा डोळा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, हल्ली व्हिडिओ कॉलवर मला तुमच्या घरचा पंखाच तेवढा दिसतो. बाबा म्हणाले, तोंडावरून वारं गेल्यापासून तू आरशातही बघत नाहीस. म्हणून आज पत्र.

परवा 'अनाडी' पाहिला. तुला ललिता पवार कधीच आवडली नाही. 'रामायण' लागायचं तेव्हा मंथरा दिसली की तू तरातरा स्वयंपाकघरात जायचीस आणि बाबा मुद्दाम ओरडायचे, "अगं, तुझी मैत्रीण आली!" तेव्हा ती सत्तरीची होती, हे मला आत्ता हिशेब केल्यावर कळलं.

बाई आपल्या जिल्ह्यातली, येवल्याची. माहेरची अंबा सगुण. मूकपटांपासून पडद्यावर होती आणि पुढे चक्क देखणी नायिका झाली. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी तिच्या थोबाडीत मारायची होती. ती इतक्या जोरात बसली की डाव्या डोळ्याची शीर तुटली आणि चेहऱ्याला लकवा मारला. उपचार बराच काळ चालले. चेहरा सुधारला, डोळा मात्र बारीक तो बारीकच राहिला. नायिकेची कामं संपली. वय सव्वीस!

१९४४ मध्ये 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त तीच आनंदीबाई झाली. मग सासवा, सासवा आणि सासवा. लोक म्हणतात, त्या डोळ्यामुळेच तिला खाष्टपणा जमला. मला हे अर्धंच पटतं. 'श्री ४२०'मधल्या केळीवालीचाही तोच डोळा आहे ना? आणि 'अनाडी'तली मिसेस डिसा! राज कपूरवर खेकसते काय, त्याच्यावर जीव टाकते काय. त्या कामाला तिला फिल्मफेअर मिळालं. हृषिकेश मुखर्जींनी पुढे 'आनंद'मध्येही तिला मेट्रन केलं आणि आडनाव पुन्हा डिसाच ठेवलं. दरारा तोच, माया तीच. तो डोळा कधी विष ओकायचा, कधी पाझरायचा. ते ती ठरवायची. बाबा, तुम्ही हेच म्हणायचात आणि आई तुम्हाला उडवून लावायची. या बाबतीत मी आता तुमच्या बाजूने.

आई, हे उदाहरण म्हणून लिहीत नाहीये. उदाहरणं दिली की तू किती चिडतेस, मला माहीत आहे. शिवाय तिचं दुखणं माराचं, तुझं वेगळं. तुझं बरंच भरून येईल असं डॉक्टर म्हणालेत. पण तोवर मी पंख्याशी किती बोलू? तोंड वाकडं तर वाकडं. मला तू बघायला हवीस.

बाबा, रात्री तिच्या डोळ्यात मलम घालून वर पट्टी लावता ना? पापणी नीट मिटत नाही, त्यामुळे बुबुळ कोरडं पडतं. दिवसा थेंब विसरू नका. गोळ्या बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत. डॉक्टर सांगतील तशाच कमी करायच्या. आणि शेजारच्या काकूंचं ते तेल कृपा करून लावू नका.

पुढच्या महिन्यात मी येतेय. आल्यावर तिघं मिळून 'जंगली' बघू. त्या घरात हसायलाच बंदी असते, आणि ती घालणारी तुझी मैत्रीणच आहे.

तुमची,
चिऊ