काकूंच्या घड्याळाबद्दल

प्रिय वैशू,

परवा फोनवर तू म्हणालीस की दादाने अमेरिकेहून आईला ॲपल वॉच पाठवलंय, आता जिवाला घोर नाही, आणि मी नुसतं हो हो केलं कारण कॅबमध्ये होते. पण तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. म्हणून सविस्तर लिहितेय, नीट वाच आणि शनिवारी कराडला जाशील तेव्हा हे सगळं करूनच परत ये.

अप्पांचं तुला अर्धंच माहितीये. पावसाळ्यात एकदा त्यांच्या घड्याळावर आलं की ठोके अनियमित पडतायत. त्यांना धडधड नाही, दम नाही, काहीच नाही, म्हणाले पट्टा सैल झाला असेल. मी रात्री वाचत बसले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी असंच घड्याळ घालणाऱ्या ४ लाख १९ हजार लोकांवर अभ्यास केला होता, २०१९ ला छापून आला, त्यात अशी सूचना साधारण अर्ध्या टक्का लोकांनाच आली होती. म्हणजे ही उठसूट कुणालाही येत नाही, हे कळलं आणि मग मला झोपच लागली नाही. सकाळी त्यांना व्हिडिओ कॉलवर घड्याळाच्या कडेच्या चक्रीवर बोट ठेवायला लावलं, ३० सेकंद हलू नका म्हटलं, तो ईसीजी पीडीएफ करून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी बोलावून दवाखान्यातला नेहमीचा बारा लीडचा, म्हणजे छातीला आणि हातापायांना तारा लावतात तो, काढला आणि तेच निघालं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्या घड्याळाचे माझ्यावर खूप उपकार आहेत वैशू, हे मी मनापासून म्हणतेय.

आणि तरीही अप्पा पडले तेव्हा ते घड्याळ फ्रिजवर चार्जिंगला लावलेलं होतं.

सकाळी आंघोळीला जाताना काढून लावायचे, ती त्यांची सवय. बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं बादलीच्या काठावर आपटलं, उठताच येईना. पाऊण तासाने कामाच्या मावशी आल्या, त्यांच्याकडे किल्ली होती म्हणून बरं. मी पोचले तेव्हा अप्पांच्या हाताची बोटं गार पडून सुरकुतलेली होती, ओल्या फरशीवर तितका वेळ पडून, आणि ते मलाच म्हणत होते की तू कशाला सुट्टी घेतलीस. रक्त पातळ असलेल्या माणसाचं डोकं आपटलं की वरून काही दिसत नसलं तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे लगेच सीटी स्कॅन केला. सुदैवाने क्लिअर आला. पण ज्या गोळीने पक्षाघात टाळायचा तिच्यामुळेच पडणं जास्त धोक्याचं झालंय, हे माझ्या तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

आता आमच्याकडे घड्याळ चार्जिंगला लागतं ते संध्याकाळी, अप्पा बातम्या बघत खुर्चीत बसलेले असतात तेव्हा. आंघोळीला हातात, रात्री लघवीला उठतात तेव्हाही हातात. साबण लागला तर साध्या पाण्याने धुऊन पुसायचं. काकू पण काढूनच ठेवत असणार, विचार.

दुसरं, ते घड्याळ दादाने स्वतःच्या जन्मतारखेवर सेट केलं नाहीये ना ते बघ. वय ५५ किंवा त्याहून जास्त दिसलं तरच फॉल डिटेक्शन, म्हणजे माणूस पडला हे ओळखायची सोय, आपोआप चालू असतं, नाहीतर हाताने चालू करावं लागतं आणि त्यातही कायम चालू की फक्त व्यायाम करताना असा पर्याय येतो, तिथे कायम निवड. इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये तुझा नंबर घाल आणि शेजारच्या वहिनींचा पण, कारण तू पुण्याहून निघेपर्यंत त्या पोचलेल्या असतील.

काकूंना एवढं समजावून सांग की जोरात पडलं तर घड्याळ मनगटावर टकटक करतं, आवाज करतं. आपण बऱ्या असलो तर बरी आहे म्हणून दाबायचं. मिनिटभर हालचालच झाली नाही तर ते उलटी मोजणी करून स्वतः इमर्जन्सी नंबर लावतं आणि मग आपल्याला लोकेशनसकट मेसेज येतो. पण त्यात सिमची सोय नसेल तर फोन जवळपास लागतो, आणि काकू देवळात जाताना फोन घरीच ठेवतात हे तूच मला सांगितलंयस. पलंगावरून हळू घसरून खाली बसल्या तर ते घड्याळाला कळेलच असं नाही, म्हणून रोज सकाळचा फोन बंद करू नकोस.

आणि हे काकूंच्या समोर बसून दोनदा सांग. छातीत दुखलं, दडपण आलं, घाम फुटला तर घड्याळावर बोट ठेवून बसायचं नाही. ते हार्ट अटॅक ओळखत नाही. ईसीजी नॉर्मल दाखवला म्हणजे फक्त ठोक्यांचा ताल ठीक आहे, एवढंच. सरळ १०८ लावायचा. अप्पांनी हा नंबर खडूने स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवलाय, मोठ्या आकड्यांत, चष्मा नसला तरी दिसेल असा.

शनिवारी तिथून व्हिडिओ कॉल कर, सेटिंग आपण दोघी मिळून बघू. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा आहे, आमच्या प्लंबरने बसवलेल्याचा फोटो पाठवते.

तुझी,
मधू