एका अबोल सिनेटरविषयी

सांगली

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

प्रांताच्या राजकारणातून देशाच्या वरिष्ठ सभागृहात गेलेला माणूस आपल्या मुलखाचा किती उरतो, असे तू विचारले आहेस. हे वाचताच मला अर्जेंटिनाचा कार्लोस रॉइटेमान आठवला.

तू त्याला फॉर्म्युला वनमुळे ओळखतोस. १९८१ मध्ये लास वेगासच्या अखेरच्या शर्यतीत सर्वांत पुढून सुटूनही तो आठवा आला आणि ५० विरुद्ध ४९ अशा एका गुणाने जगज्जेतेपद नेल्सन पिकेकडे गेले. पुढच्याच वर्षी तो शर्यतींतून निवृत्त झाला. सान्ता फे प्रांतातल्या शेतावर वाढलेला हा मुलगा लहानपणी डुकरांची पिल्ले पाहायला जाण्याचा हट्ट धरी. त्या स्पॅनिश शब्दाचा बोबडा उच्चार म्हणून त्याचे नाव 'लोले' पडले आणि ते त्याला जन्मभर चिकटले.

१९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेनेम यांच्या पाठबळावर तो सान्ता फेचा गव्हर्नर झाला. त्या प्रांताच्या तेव्हाच्या राज्यघटनेप्रमाणे गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता येत नसे, म्हणून तो १९९५ मध्ये सिनेटमध्ये गेला, १९९९ मध्ये पुन्हा गव्हर्नर झाला आणि २००३ मध्ये पुन्हा सिनेटकडे वळला. पहिल्या खेपेस सिनेटर प्रांतिक विधिमंडळ निवडत असे, आपल्या राज्यसभेसारखेच. दुसऱ्या खेपेस मतदारांनी त्याला थेट निवडले. मधल्या काळात, २००२ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्याच्या दाराशी चालून आली होती. आपण असे काही पाहिले की जे आवडले नाही आणि ते कधीच सांगणार नाही, अशा आशयाचे बोलून त्याने ती नाकारली.

हे अबोलपण मला पूर्वी फार भावत असे. २९ एप्रिल २००३ ची हकिकत वाचल्यापासून भावत नाही. त्या दिवशी सालादो नदी सान्ता फे शहराच्या पश्चिम भागात शिरली. संरक्षक बांध पुरा झालेला नव्हता; घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानाजवळ तो तुटका राहिला होता आणि पाणी नेमके तेथूनच आत आले. अधिकृत नोंदीप्रमाणे २३ माणसे दगावली, लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. गव्हर्नर म्हणाला, मला कोणी कळवलेच नाही. त्याच वर्षी मतदारांनी त्याला सिनेटमध्ये पाठवले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्याच्या एका माजी मंत्र्याला दोषी ठरवले. त्याच्यावर मात्र खटला चालला नाही.

त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या कृष्णेने काय केले, हे तुला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळची पातळी फूटफूट विचारत आम्ही रात्र काढली. दिवाणखान्याच्या भिंतीवरची तांबूस रेघ दोनदा रंग देऊनही दमट हवेत अजून उमटते. म्हणून 'कोणी कळवले नाही' हे उत्तर मला ऐकवत नाही. नदी चढत असताना गव्हर्नराने स्वतः विचारायचे असते.

तरीही त्याला निव्वळ सत्तेचा माणूस म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २००८ मध्ये, सोयाबीनच्या निर्यातीवरील वाढीव कराचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याने स्वपक्षाच्या सरकारविरुद्ध मत दिले. मते ३६-३६ अशी समसमान झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष कोबोस यांच्या निर्णायक मताने प्रस्ताव पडला. सान्ता फे हा सोयाबीनचा मुलूख, आणि हा स्वतः शेतकरी. पुढच्या वर्षी तो सरकारी गटातून बाहेर पडला व थोडक्या मतांनी पुन्हा निवडून आला; २०१५ मध्ये, त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झालेल्या माक्री यांच्या आघाडीकडून सिनेटमध्ये गेला आणि ७ जुलै २०२१ रोजी सिनेटर असतानाच वारला.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की राजधानीत राहूनही तो आपल्या मुलखातल्या शेतकऱ्यांचा राहिला. पश्चिम भागातल्या पूरग्रस्तांचा मात्र राहिला नाही. ते लोक दर २९ एप्रिलला शहरातल्या चौकात जमतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव