विषय: जिन्याखालचा कॉम्प्युटरचा ढीग (चौथं पत्र)

मा. अध्यक्ष,
स.न.वि.वि.

हे चौथं पत्र. आधीच्या तिन्हींवर सेक्रेटरींनी "पोचलं" एवढंच लिहून दिलं. मी शांत माणूस आहे, बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा, पण काल रात्री जिन्यातला बल्ब गेलेला (त्याचीही तक्रार केलीय, ते असू दे) आणि एका जुन्या डबड्या मॉनिटरवर माझा गुडघा असा आपटला की सगळी शांती तिथेच संपली.

४०२ वाल्यांनी मिटिंगमध्ये शाळेसाठी जुने कॉम्प्युटर मागितले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याला आठ महिने झाले. नोटीस बोर्डावरच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की जिन्यात आणि पॅसेजमध्ये कोणी सामान ठेवू नये. (माझी सायकल तिथे असते, पण ती रोजच्या वापरातली आहे.) ४०२ म्हणतात हे सामान आमचं नाही, शाळेचं आहे. मग शाळेने घेतलं का? सहा मशीन पाठवली, त्यातली चार परत आली. एकाला बायोस पासवर्ड (मशीन चालू होतानाच मागतो तो), तो कोणालाच आठवत नाही. एक लॅपटॉप अजून जुन्या मालकाच्या अकाउंटला लॉक. एकाचा चार्जरच नाही. आणि चौथ्याची बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला, त्यावर ४०२ नी चिकटपट्टी लावून दिली होती! लिथियमची फुगलेली बॅटरी दाबायची नसते, टोचायची तर अजिबात नाही, ती पेट घेऊ शकते, आणि ही मुलांच्या हातात जाणार होती.

मी तेव्हाच म्हटलं होतं की आधी शाळेला विचारा काय हवंय. पण नाही, दिसेल ते घेत सुटले. काचेच्या पिक्चर ट्यूबवाले तीन मॉनिटर आहेत, त्या काचेत शिसं असतं, शाळा त्याचं काय करणार? उरलेली बरीच मशीन विंडोज १० वाली, त्याचा नेहमीचा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तरी ती भंगार नाहीत हो! विंडोजऐवजी हलकं लिनक्स (फुकट मिळणारी सिस्टीम) टाकलं, रॅम वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवली की टायपिंग आणि ब्राउझरपुरती छान चालतात. दोन तर तारीख मागे जाते म्हणून "बिघडलेली" ठरवलीत, कारण तारीख चुकली की वेबसाइट सुरक्षित नाही असा एरर येतो. आतलं घड्याळ चालवणारा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदलायचा, संपलं. हे मी ४०२ ना समजावायला गेलो तर म्हणाले "तुम्ही फक्त चुका काढता." दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना माझं म्हणणं पूर्ण पटलंय, फक्त नाव सांगू नका म्हणाल्या.

सगळ्यात गंभीर मुद्दा डेटाचा. क्विक फॉरमॅट मारलं की फाइल पुसल्या जात नाहीत, नुसती यादी जाते, साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात. हार्ड डिस्क पूर्ण ओव्हरराइट करावी लागते, एसएसडीला तिची स्वतःची सिक्युअर इरेज कमांड असते. या ढिगात माझाही जुना सीपीयू आहे. हो, मी पण घाईत क्विक फॉरमॅटच केलं होतं, म्हणून तर काळजी वाटते. आत घरचे हिशेब आहेत. (माझा प्रिंटरही तिथेच आहे, कार्ट्रिज मिळत नाही, पण स्कॅनर चालतो.)

तर येत्या रविवारी मी टेबल टाकून खाली बसतो, एकेक मशीन चालू करून बघतो, डिस्क पुसतो. चालेल ते शाळेला विचारूनच जाईल, चार्जर केबलसकट. उरलेलं अधिकृत ई-कचरावाल्याकडे, आणि तो खर्च ४०२ नी करावा, सोसायटी फंडातून एक पैसा नको. माझा सीपीयू मात्र सगळ्यात आधी माझ्या ताब्यात द्यावा.

रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर सगळा ढीग मी ४०२ च्या दारासमोर नेऊन ठेवेन. तोही पॅसेजच आहे, पण सामान कोणाचं खासगी नाहीये म्हटल्यावर त्यांची हरकत नसावी.

आपला,
३०१

ता. क. सायकलवर "ही हलवा" अशी चिठ्ठी कोणीतरी चिकटवली होती. अक्षर मी ओळखलंय.