बाबा, रेकॉर्ड भंगारात देऊ नका

ती. आई-बाबा,
नमस्कार. फोनवर सांगायला घेतलं की रेंज जाते म्हणून लिहितेय.

मे महिन्यात वेळणेश्वरहून रत्नागिरीला आणलेल्या खोक्यातल्या 22 एलपी रेकॉर्ड धुऊन झाल्या. बाबा, तुम्ही म्हणत होतात ना की सगळ्या घासल्या गेल्यात, भंगारात देऊ, तसं नाहीये. ती खरखर बहुतेक बुरशीची होती. टॉर्च तिरका धरला की खाचांमध्ये पांढरे ठिपके दिसायचे, आपल्याकडे चार महिने हवाच अशी की कागदी कव्हर ओल धरतं आणि तीच ओल तबकडीला लागते. दोन एलपींवर मात्र खरेच ओरखडे आहेत, त्यांची टकटक तशीच राहिलीय.

आई, तू विचारलंस रेकॉर्ड धुवायचं मशीन काय करतं. स्टीलची टाकी आहे, त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि साबणासारख्या लिक्विडचे मोजून थेंब, रेकॉर्ड उभी अर्धवट बुडते, मधलं लेबल पाण्याच्या वर राहतं आणि छोटी मोटर तिला सावकाश फिरवते. टाकी सेकंदाला 40,000 वेळा थरथरते, आपल्या कानाला ऐकू येतं ते जास्तीत जास्त 20,000 पर्यंत, आणि त्या थरथरीने पाण्यात बारीक बुडबुडे होतात नि फुटतात, ब्रशचा केस जिथे पोचत नाही तिथली घाण ते सुटी करतात. पाणी तापत जातं म्हणून दोन-तीन रेकॉर्ड झाल्या की मी थांबते, रेकॉर्डच्या विनाइल प्लास्टिकला उष्णता सोसत नाही. पहिल्या पाच झाल्यावर पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसत होतं.

पण खरं काम पुढचं आहे. सुरुवातीला मी रेकॉर्ड नुसत्या स्टँडवर वाळवल्या आणि खरखर परत आलीच, कारण पाणी उडून गेलं नि सुटलेली घाण खाचेतच बसली. आता साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच व्हॅक्यूम मशीनवर ठेवते, मखमलीची पट्टी लावलेली नळी ते पाणी घाणीसकट ओढून घेते. दोन फेरे पुरतात, कोरड्यावर जास्त फिरवलं तर स्टॅटिक वीज तयार होऊन उलट धूळ चिकटते.

काल भीमसेन जोशींच्या अभंगांची एलपी लावली. कडवं संपल्यावर मागे तानपुरा ऐकू येतो बाबा, आपल्या घरी तो कधी ऐकूच आला नव्हता, मी सुई उचलून तीच जागा तीन वेळा ऐकली.

आजोबांच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्ड, बालगंधर्वांच्या वगैरे, मशीनमध्ये घालणार नाही. त्या लाखेच्या आहेत, धुवायच्या लिक्विडात स्पिरिट असलं तर लाख विरघळते. मऊ ब्रशने हाताने करीन आणि लगेच पुसीन.

तिथे राहिलेल्यांना प्लीज खोबरेल लावू नका, उन्हातही ठेवू नका, वाकतात. भिंतीच्या कपाटातून काढून माजघरात उभ्या ठेवा, एकावर एक नको. वरचं प्लास्टिक काढून टाका, आत घाम धरतो. कव्हरं मात्र टाकू नका, त्यांच्यावर बाबांच्या अक्षरात तारीख नि किंमत आहे.

चतुर्थीला येताना सगळ्या घेऊन येते. प्लेअरला नवीन सुई लागेल, त्याच्या मागच्या पट्टीवर मॉडेल नंबर असेल तो कळवा. आई, शेजारच्या कोणालातरी बोलावून वाचून घे, बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस.

तुमची,
ताई