दृष्ट दुधाला नव्हे, गाळण्याला

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मिरगाच्या आधीचे पंधरा-वीस दिवस म्हणजे कोकणात दूध नासायचे दिवस. गॅसवर ठेवलेलं दूध फुटलं की कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात. तिन्हीसांजेला शेजारी दूध द्यायचंच झालं, तर त्यात तुळशीचं पान किंवा कोळशाचा खडा टाकतात. मीठ-मिरच्यांशी वैर नाही, पण दृष्ट काढून झाली की चौकशीही तिथेच संपते आणि दुसऱ्या दिवशी त्याच फडक्यातून पुन्हा दूध गाळलं जातं.

ही समजूत टिकते त्याला कारण आहे. रतीबाचं दूध घेताना वास चांगला, चव गोड आणि उकळायला ठेवल्यावर एकदम चोथा-पाणी! ताज्या दुधाची आम्लता साधारण ०.१३ ते ०.१५ टक्के असते. जंतू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता ०.२ टक्क्यांच्या पुढे सरकली की दूध उकळताना फुटतं. जिभेला आंबट कळायला मात्र याहून जास्त आम्ल लागतं. म्हणजे दूध गॅसवर जाण्याआधीच बिघडलेलं असतं, दिसतं फक्त तिथे. धारेचं दूध ३७-३८ अंशांचं, हवा ३३-३४ अंशांची आणि दमट. वाडीवरून बाजारपेठेत पोचेपर्यंत दोन तास गेले की पुरे. विजा कडाडल्याने दूध फाटतं असं मानणारेही आहेत. पण त्याच संध्याकाळी उकाडा शिगेला असतो आणि लाईट गेल्याने फ्रीजही बंद पडलेला असतो.

शोध घ्यायचा तर आधी गाळण्याचं फडकं पाहा. नुसतं पिळून दांडीवर टाकलेलं फडकं आपल्या हवेत वाळत नाही, त्यात रात्रभर विरजण तयार होतं. ते रोज पाच मिनिटं उकळून कडक उन्हात वाळवावं. पावसाळ्यात स्टीलची बारीक जाळी बरी. नंतर कॅनच्या झाकणाचं रबर काढून त्याची खाच हुंगा. भांडी आधी गार पाण्याने विसळायची. पहिल्यांदाच गरम पाणी घातलं तर दुधातली प्रथिनं भांड्याला चिकटून थर धरतात. मग धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी, शेवटी उकळतं पाणी, आणि भांडं पालथं. सकाळचं उरलेलं संध्याकाळच्या दुधात ओतू नये. शंका असेल तर पळीभर दूध वेगळं उकळून पाहावं, सगळं पातेलं पणाला लावू नये. गाय-म्हैस नुकतीच व्यायली असेल तर पहिले काही दिवस तिचं दूध तापवल्यावर गोळा होणारच. त्याचा खरवस करतात, शांत नव्हे.

दूध वर आलं म्हणजे उकळलं, हाही गैरसमजच. सायीखाली वाफ कोंडली की दूध उतू येतं. गॅस बारीक करून, ढवळत आणखी दोन-तीन मिनिटं उकळू द्यावं. मग पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून, पाणी दोनदा बदलून, अर्ध्या-पाऊण तासात निववावं आणि फ्रीजमध्ये आत, ४ अंशांच्या आसपास ठेवावं. दारातली जागा सर्वांत कमी गार. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, पण घाट उतरून आलेला क्रेट दुकानाच्या पायरीवर किती वेळ पडून होता हे कोण सांगणार? तेही उकळलेलं बरं. लाईट गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज चारेक तास गारवा धरतो. उकळूनही काही जंतूंचे बीजाणू तग धरतात. म्हणून उकळलेलं दूध बाहेर राहून आंबट न होताच फुटलं किंवा कडवट लागलं, तर त्याचं पनीर करू नये, ओतून द्यावं.

मासे खाऊन दूध प्यायलं की कोड येतं, ही आपल्या किनाऱ्यावरची पक्की भीती. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशी मारते; त्याच्याशी बांगड्याचा संबंध नाही. घामट हवेत पाठीवर उठणारे फिकट डाग बहुतेक वेळा शिब्याचे असतात, ती बुरशी आहे आणि औषधाने जाते. कोकमाचं आगळ दुधात घातलं तर दूध फाटेल, पण तो आम्लाचा गुण.

एक उलटी गोष्टही लक्षात ठेवावी. भर वैशाखात दुपारपर्यंत बाहेर राहूनही ज्या रतीबाचं दूध कधीच फुटत नाही, त्या घरात दृष्ट लागत नाही असं समजू नये. चिमूटभर खाण्याचा सोडा आम्ल मारतो, जंतू नाही. दूध फुटत नाही, पण जंतू वाढतच राहतात. दुधात सोडा घालायला कायद्याने बंदी आहे. अशा दुधाचा नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे तपासायला द्यावा.

– दुग्धव्यवसायातील एक वाचक, कणकवली